घरीच तर असतेस!

गेल्या महिन्यात भाचीकडे मुंबईला चार दिवस राहून आले. ती एका कंपनीच्या खासगी विमानावर को-पायलट आहे. कंपनीच्या साहेबलोकांना मीटिंगला न्यायचं-आणायचं. चार दिवसांत ती एकदाच उडाली, बाकी घरातच. न राहवून म्हटलं, ‘‘मजा आहे बाई! घसघशीत पगार आणि वर आराम. घरीच तर असतेस!’’

‘‘ही सुट्टी नाही मावशी, स्टँडबाय आहे.’’

मग माझं लक्ष गेलं. दाराशी भरलेली बॅग, खुर्चीवर इस्त्रीचा युनिफॉर्म. मोबाइल बाथरूममध्येसुद्धा सोबत. दुपारी डोळा लागायचा, पण फोन वाजला की दचकून उठायची.

उडाली तो दिवस तर ऐकाच. पहाटे पाचला घर सोडलं. नागपूरला जाऊन दुपारी दोनला परतायचं ठरलेलं. मीटिंग लांबली ती रात्री आठपर्यंत. उड्डाण येऊन-जाऊन अडीच-तीन तासांचं, पण ही दोघं दिवसभर विमानतळावर ताटकळत. आठ वाजता कॅप्टननी सांगितलं, आमचे ड्युटीचे तास संपले, आता सकाळीच. साहेब हॉटेलात राहिले आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसातून फोन, ‘‘तासाभराचं तर अंतर होतं, काय बिघडलं असतं?’’ पोरीचा चेहरा उतरला. नोकरीची भीती वाटणारच ना?

माझ्या मते कॅप्टन शंभर टक्के बरोबर. चूक हिशेबात आहे. त्या विमानाला एका वेळी दोन वैमानिक लागतात आणि कंपनीने नेमलेत दोनच. म्हणजे एकाला ताप आला, एकाच्या घरी लग्न निघालं, की विमान जमिनीवर. दर सहा महिन्यांनी परीक्षा, शिवाय डॉक्टरी तपासणी, त्याचे दिवस कुठून काढायचे? ऐनवेळी दुसरा कुणी बोलवावा, तर तो त्याच जातीच्या विमानावर शिकलेला हवा. घरात करणारी एकटीच असली की तिचं आजारपण कुणालाच कसं परवडत नाही, हे आपल्याला का कुणी शिकवायला हवं?

बरं, हे खासगी विमानांपुरतंच नाही. प्रवासी कंपन्यांसाठी जानेवारी २०२४ मध्ये नवे नियम आले. वैमानिकांची आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर गेली, रात्रीच्या उड्डाणांना आळा बसला. तयारीला वेळही भरपूर मिळाला. तरी शेवटचा टप्पा नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला आणि डिसेंबरात एकाच मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणं रद्द झाली. नव्या नियमांना पुरतील एवढे वैमानिकच नव्हते. लोक विमानतळावर सामानावर डोकं टेकून झोपले. शेवटी सरकारने त्या कंपनीला काही काळ नियमांतूनच सूट दिली. मला हे अजिबात पटलं नाही. माणसं कमी नेमणार कंपनी आणि झोप कमी करायची वैमानिकांनी?

‘नाही’ म्हणण्याचं कामही दमलेल्या वैमानिकाच्याच गळ्यात का? दिवस लांबतोय हे बघून दुपारीच साहेबांना कळवणारं कुणी ऑफिसात बसलेलं हवं.

तिसरा वैमानिक घ्या, असं पत्र कॅप्टननी दिलंय. अजून उत्तर नाही. निघताना भाचीला विचारलं, दिवाळीला येशील ना? म्हणाली, ‘‘तिसरा आला तर येते, मावशी.’’