फळा गेला, पडदा आला; गुरुजींचे काय?

उत्तर प्रदेशातील सरकारी प्राथमिक शाळांत ८ जुलै २०२४ पासून शिक्षकांनी टॅबवर हजेरी लावावी, असा हुकूम निघाला. शिक्षक संघटनांनी राज्यभर विरोध केला. आठवडाभरातच, १६ जुलैला, सरकारने तो हुकूम दोन महिने स्थगित ठेवून समिती नेमण्याचे जाहीर केले. या प्रकरणानंतर "मास्तर लोकांना नवे काही नकोच असते" असे बोलणारे आम्हाला चारबागच्या फलाटावरही भेटले आणि आपल्याच संघटनेतही भेटले. हे बोलणे चुकीचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपली मुले ज्यांच्या हाती आहेत त्या शिक्षकांबद्दलचा हा प्रश्न आहे, आणि तो रेल्वे व टपाल कामगारांच्या अगदी जवळचा आहे.

प्रथम नव्या साधनांविषयी. आज शिक्षक मोबाईलवर चित्रफीत तयार करतात, पडद्यावर नकाशा उलगडतात, पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमधून कविता ऐकवतात. शिवाय भूगोल, गणित, भाषा वेगवेगळ्या कप्प्यांत न ठेवता एकत्र शिकवावे, असे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगते. हे ऐकायला मोठे वाटते, पण आपल्याला ते समजायला अवघड नाही. मुंबईहून लखनौला येणारी आपली पुष्पक एक्सप्रेसच घ्या. सुमारे चौदाशे किलोमीटरचा हा रस्ता. भुसावळ सोडल्यावर तापी, इटारसीच्या पुढे नर्मदा, काल्पीला यमुना, कानपूर सुटताच गंगा. नाशिकचा कांदा, भुसावळकडची केळी, पुढे गव्हाची शेते. मराठी, अहिराणी, निमाडी, बुंदेली, अवधी अशा बोली. वेळापत्रक हाती दिले तर सरासरी वेग काढण्याचे गणित. १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली आणि १८६७ ला लखनौ-कानपूर मार्ग सुरू झाला, हा इतिहास. एका गाडीत चार विषय बसले! एखाद्या शिक्षकाने हाच प्रवास नकाशा, फोटो आणि आवाजासह पडद्यावर दाखवला, तर ट्रॅकमनच्या मुलालाही आपला बाप कोणत्या देशाच्या कोणत्या कामाला लागला आहे ते कळेल.

आपल्या खात्याचे कामही याच पद्धतीने चालते. येथे मानकनगरला आरडीएसओ आहे. १९५७ मध्ये ती स्थापन झाली. तेथे नवा डबा किंवा नवे इंजिन तपासताना धातू जाणणारा, माती जाणणारा, सिग्नलवाला, गणिती असे सारे लागतात. गाडी चालवणाऱ्या माणसाच्या मनाची चाचणी घेणारा विभागही तेथे आहे. एकट्या विषयाच्या बळावर रूळ टिकत नाही. मग शाळेत तरी विषयांच्या मध्ये भिंती कशाला?

लखनौला हे नवेही नाही. १९२६ मध्ये येथे संगीताचे कॉलेज निघाले, त्यामागे मुंबईच्या वाळकेश्वरात जन्मलेले, पेशाने वकील असलेले पंडित विष्णु नारायण भातखंडे होते. गुरूच्या घरी वर्षानुवर्षे राहूनच जे मिळत असे, ते त्यांनी स्वरलिपीत लिहून, छापील पुस्तकांतून वर्गात आणले. त्या काळचे ते नवे साधनच होते. तेच कॉलेज आज त्यांच्या नावाचे विद्यापीठ आहे. परंतु लक्षात घ्या, स्वरलिपी आली म्हणून गुरूची गरज संपली नाही. कागदावरचा स्वर गळ्यात उतरवायला समोर शिक्षक लागतोच.

दुसरे उदाहरण लखनौच्या लिटरसी हाउसचे. वेल्दी फिशर या अमेरिकन बाईंनी १९५३ मध्ये अलाहाबादेत हे काम सुरू केले आणि १९५६ मध्ये ते लखनौला आले. प्रौढांना अक्षरओळख देताना तेथे कठपुतळ्यांचा खेळ वापरला जाई. अक्षरांबरोबर शेती आणि आरोग्याच्या गोष्टीही आल्या. बाईंना १९६४ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या वेळी पडदा नव्हता, वीज नव्हती, पण कल्पकता होती. कल्पकता यंत्रात नसते, ती शिकवणाऱ्यात असते.

आणि आपल्या महाराष्ट्राचे उदाहरण तर सर्वांना ठाऊक आहे. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात, म्हणजे आपल्या कुर्डुवाडीच्या बंधूंच्या तालुक्यात, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली. जिंकलेले वाटून घेणे हा तर आपल्या चळवळीचाच संस्कार आहे. ही कल्पना वरून आलेल्या परिपत्रकाने सुचवली नव्हती. शिक्षकाला आपल्या वर्गातली अडचण दिसली आणि त्याने साधन शोधले.

आता मूळ मुद्दा. साधन तेच, पण ते कुणाच्या हाती आणि कशासाठी, यावर सारे अवलंबून आहे. टॅब शिक्षकाच्या हाती शिकवायला दिला तर तो खडू आहे. तोच टॅब पाळतीसाठी दिला तर तो मुकादम आहे. २०२४ च्या आंदोलनात शिक्षकांनी टॅब फेकून दिले नव्हते. हजेरी मिनिटाला मोजणार असाल तर आम्हाला अर्ध्या दिवसाची रजा द्या, अर्जित रजा द्या, असे ते म्हणत होते. पावसात ज्या खेड्यांचा रस्ता बुडतो तेथे पोहोचायला उशीर झाला तर काय, हेही विचारत होते. ड्यूटीचे तास आणि रजेचे हिशेब यांवर आपण जन्मभर भांडत आलो आहोत. आपल्याला हे प्रश्न कळू नयेत काय?

शिवाय शिक्षकाच्या माथी काय काय आहे तेही पाहा. शिक्षण हक्क कायदा २००९ चे २७ वे कलम सांगते की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला शिक्षणाबाहेरचे काम देऊ नये. प्रत्यक्षात रजिस्टर, पोर्टल, फोटो, अहवाल यांतच दिवस जातो. याच राज्यात लाखावर शिक्षामित्रांचे सहाय्यक शिक्षक म्हणून झालेले समायोजन जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले आणि ते पुन्हा मानधनावर आले. ज्याला उद्याच्या भाकरीची खात्री नाही, त्याने आज रात्री जागून चित्रफीत तयार करावी, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

आपला स्वतःचा अनुभव काय सांगतो? टपाल खात्यात २०२२ मध्ये डाक कर्मयोगी पोर्टल आले. केंद्राचे आयगॉट कर्मयोगीही आहे. अभ्यासक्रम चांगले असतीलही. पण खिडकीवर रांग उभी असताना, बीटवरून दमून आल्यावर, घरी रात्री बटणे दाबून प्रमाणपत्र काढायचे, याला शिक्षण म्हणत नाहीत. उलट लोको पायलटच्या सिम्युलेटरचे पाहा. तेथे ड्यूटीच्या वेळेत प्रशिक्षण मिळते, शेजारी अनुभवी प्रशिक्षक असतो, आणि चूक झाली तर ती तेथेच दाखवून पुन्हा करून घेता येते. यंत्र दोन्हीकडे आहे. फरक वेळेचा आणि माणसाचा आहे.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा वर्ग मोबाईलवर भरले. घरात मोबाईल एक, आणि तो बापाबरोबर सेक्शनवर. अशा घरातल्या मुलाची हजेरी कोण लावणार होते? पडद्यावरचे शिक्षण ज्याच्या घरी पडदा आहे त्याचेच होऊ नये, याची काळजी आपण घेतली नाही तर कोण घेणार?

म्हणून आमची मागणी सरळ आहे. एक, शाळेला यंत्र द्याल तर वीज, जोडणी आणि दुरुस्तीही द्या. दोन, राष्ट्रीय धोरणाने शिक्षकांसाठी वर्षाला निदान ५० तासांचे प्रशिक्षण सांगितले आहे. ते कामाच्या वेळेत आणि पगारी धरा. तीन, शिकवण्याचे साधन पाळतीसाठी वापरू नका. हजेरीचे नियम करायचे तर संघटनांशी बोलून, रजेच्या नियमांसह करा. चार, मानधनावरच्या शिक्षकांना नोकरीची शाश्वती द्या. पाच, कोणते साधन कुठे वापरायचे, हे वर्गात उभा असलेला शिक्षक ठरवील.

बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी अनेकांची मुले जिल्हा परिषदेच्या, पालिकेच्या किंवा रेल्वेच्या शाळेत शिकली आणि शिकत आहेत. शाळेच्या पालकसभेला वेळ काढून जा. नवा पडदा बसला असेल तर त्याचे कौतुक करा, आणि मग विचारा: गुरुजी, हा वापरायला तुम्हाला वेळ मिळतो का? नाही म्हणाले तर त्यांच्या संघटनेच्या पाठीशी उभे राहा. संपाच्या दिवसांत गाड्या बंद होत्या, टपाल बंद होते, तेव्हा आपल्या मुलांना शाळेत सांभाळणारे हेच लोक होते.