दंतकथा : पुरावा नव्हे, खूण!



लाकडी घोड्याच्या पोटात लपून ग्रीक सैनिक ट्रॉय नगरात शिरले, ही गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकली असेल. ती ऐकून वर्गात हमखास दोन तट पडतात. एक म्हणतो, "सगळे थोतांड!" दुसरा म्हणतो, "होमरसारखा महाकवी खोटे कशाला सांगेल?" माझ्या मते दोघांचीही चूक एकच आहे. पुरावा पाहण्यापूर्वीच दोघांनी निकाल देऊन टाकला आहे.

एकोणिसाव्या शतकात अनेक विद्वान ट्रॉयचे युद्ध ही निव्वळ कविकल्पना मानत. हाइन्रिख श्लीमान या जर्मन व्यापाऱ्यांना ते मान्य नव्हते. तुर्कस्तानातील हिसार्लिकची टेकडी म्हणजेच ट्रॉय, हे फ्रँक कॅल्व्हर्ट यांचे मत त्यांना पटले. १८७० मध्ये त्यांनी तेथे खोदकाम सुरू केले आणि खरोखरच एकावर एक वसलेल्या नगरांचे अवशेष सापडू लागले. न मानणारे हरले!

पण थांबा, मानणाराही जिंकला नाही. होमरचे ट्रॉय तळाशीच असणार, अशी श्लीमान यांची खात्री होती. म्हणून त्यांनी टेकडीत प्रचंड चर खणला आणि वरचे थर उकरून टाकले. १८७३ मध्ये सोन्याचे दागिने मिळताच 'हा प्रायम राजाचा खजिना' असे त्यांनी जाहीर केले. पुढे कळले, की तो थर युद्धाच्या मानलेल्या काळाहून हजार वर्षांहूनही अधिक जुना होता! ज्या नगराचा शोध ते घेत होते, त्याचाच बराच भाग त्यांच्या कुदळीने नष्ट केला होता.

नंतरच्या संशोधकांनी घाई केली नाही. प्रत्येक थरातील खापरे तपासून त्यांनी काळ ठरवला. इ. स. पू. ११८० च्या सुमारास येथील एक नगर आगीत भस्मसात झाले, असे दिसून आले. हित्ती लोकांच्या मृत्तिकालेखांत 'विलुसा' नावाचे राज्य आढळते. ते हेच असावे, असे बहुतेक तज्ज्ञ मानतात. होमरने वर्णिलेले रानडुकराच्या सुळ्यांचे शिरस्त्राण तर त्याच्या कितीतरी शतके आधीच्या थडग्यांत मिळाले आहे. म्हणजे काव्यात जुनी आठवण टिकून राहिली होती. मात्र लाकडी घोड्याला काही पुरावा नाही आणि आग कोणी लावली, हे राख सांगत नाही.

म्हणून मला वाटते, दंतकथा हा पुरावा नव्हे; पुरावा कोठे शोधावा, याची ती केवळ खूण आहे. ती खूण पुसू नका, पण तिलाच उत्तरही समजू नका. प्रयोगशाळेतला प्रयोग फसला तर पुन्हा करता येतो. टेकडी मात्र दुसऱ्यांदा खणता येत नाही!