हवेचं भाडं

माझे नवे बूट सध्या मुंबईच्या एका गोदामात पडून आहेत. तिथून न्यू जर्सीला यायचं त्यांचं भाडं बुटांच्या किमतीच्या तिप्पट निघालंय. माझ्या गुडघ्यांच्या तक्रारींमुळे आमच्या घरात बूट हा गंभीर विषय आहे.

बूट साधेच. ॲक्शनचे ट्रेकिंग. सह्याद्रीत पावसाळ्यात भटकलेल्या कुणालाही विचारा, ओल्या कातळावर काय धरतं? उत्तर हेच येईल. फार तर हंटरचे बूट घालणारा एखादा भांडायला उभा राहील. इथल्या दुकानातल्या बुटांना मी नावं ठेवत नाही. दिसायला देखणे असतात, आतून मऊ असतात आणि विक्रेता मुलगा त्यांच्याबद्दल बोलतो ते एखादं स्थळ सांगून आल्यासारखं. पण आमच्या जवळचा माउंट टॅमनी, उंची जेमतेम दीड हजार फूट, म्हणजे सिंहगडाला बघून त्याने मान खाली घालावी असा. त्याच्या लाल ठिपक्यांच्या वाटेवर पावसानंतर हे देखणे बूट सुळकन सरकतात आणि माझ्यातली मूळची पुणेकर जागी होते.

घरातल्या गृहस्थांचं म्हणणं वेगळं. त्यांना वादात एमा गेटवूड आणायची सवय आहे. 1955 मध्ये, वयाच्या 67 व्या वर्षी, 11 मुलांच्या या आईने जॉर्जियापासून मेनपर्यंतची सगळी ॲपलाचियन ट्रेल एकटीने पायी केली. पायात साधे कापडी केड्स, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, पावसाला बाथरूमचा पडदा. ‘तिला लागले का ॲक्शनचे बूट?’ असं विचारून ते पेपरमागे जातात. स्वतः मात्र पार्किंगपासून धबधब्यापर्यंतच्या फरसबंद वाटेला दोन्ही हातांत काठ्या घेऊन निघतात, हे नोंदवून ठेवते.

तर परदेशी वस्तू मागवायची हल्लीची रीत अशी. पार्सलं पोचवणारी एक कंपनी तुम्हाला, वस्तू ज्या देशात मिळते, त्या देशातला एक पत्ता देते. तुम्ही तिथल्या दुकानातून मागवलेला माल त्या पत्त्यावर जातो आणि कंपनी तो पुढे रवाना करते. अमेरिकेतून बाहेर माल धाडणाऱ्यांची गोदामं डेलावेअर आणि ओरेगनमध्ये सापडतात, कारण तिथे विक्रीकर नाही. उलट दिशेने, म्हणजे अमेरिकेत मागवताना, 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलवर आयात शुल्क नसे. 2016 च्या आधी ही मर्यादा 200 होती. 29 ऑगस्ट 2025 पासून ही सवलत सगळ्याच देशांसाठी गेली. त्याच आठवड्यात भारतीय टपाल खात्याने अमेरिकेची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं, ते ऑक्टोबरात पुन्हा सुरू केलं. बातम्या संपल्या.

आता माझं दुखणं. बूट किलोभराचे. बिलावर वजन 4.8 किलो. मी विचारलं, तर कंपनीच्या मदतनिसाने चॅटवर गणित धाडलं: खोका 40 बाय 30 बाय 20 सेंटिमीटर, गुणाकार करा, 5,000 ने भागा. याला व्हॉल्यूमेट्रिक वजन म्हणतात. खरं वजन आणि हे वजन, यांतलं जे जास्त त्यावर भाडं. म्हणजे पावणेचार किलो हवा मी मुंबईहून मागवतेय. मी म्हटलं, अहो, बूट काढा त्या खोक्यातून, पिशवीत भरा. तर ‘रिपॅकिंग’चे वेगळे पैसे. बुटांचा आतला खोका फेकायचा? त्याची संमती लेखी हवी. मी संमती लिहिली. तेव्हा कळलं, गोदामात फुकट ठेवण्याची मुदत परवा संपते.

‘कशाला त्या कंपन्यांच्या नादाला लागतेस मावशी, कुणाबरोबर तरी पाठवतो ना,’ असं भाचा म्हणाला. हे वाक्य ऐकल्यावर माझ्या पोटात गोळा येतो.

कारण ‘कुणाबरोबर तरी’ हे खातं आमच्या घरातूनच चालतं. भाचा आणि त्याचे डोंगरवाले मित्र अमेरिकेतल्या दुकानांतून सामान मागवतात आणि पत्ता माझा घालतात. दारात हेडलॅम्प येतात, तंबूच्या खुंट्या येतात, कॅराबिनर येतात. शेजारीणबाईंना वाटतं आम्ही काहीतरी मोठं ठरवतोय. मग हे सगळं भारतात जाणार कसं? कुरिअरने पाठवून ‘भेटवस्तू’ म्हणावं आणि शुल्क वाचवावं, तर भारत सरकारने डिसेंबर 2019 मध्ये ती वाट बंद केली. सूट उरली फक्त जीवरक्षक औषधांना आणि राखीला. यावर भाच्याने ‘हेडलॅम्पला रेशमी दोरा बांधून बघू का,’ असं विचारलं होतं. तो वकील व्हायचा होता.

म्हणून मग जाणारा माणूस शोधायचा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कुणी ‘पुढच्या महिन्यात पुण्याला चाललोय’ असं लिहिलं की मिनिटाभरात त्याची चौकशी करणारे इतके जण निघतात की त्याने बाळंतपणाची बातमी दिली असती तरी एवढी माया मिळाली नसती. 23 किलोच्या दोन बॅगा, त्यांतल्या किती जागेवर कुणाचा हक्क, याचे कुठेही न लिहिलेले नियम आहेत. औषधं आणि कागदपत्रं यांना नाही म्हणायचं नाही. लॅपटॉप मागायचा तर आधी जेवायला बोलवायचं. ‘छोटंसं पाकीट आहे’ असं जो म्हणतो त्याचं पाकीट काट्यावर ठेवायचंच. आमच्या ओळखीतल्या एका काकूंनी छोटंसं म्हणून दिलेल्या पाकिटातून पितळी समई निघाली होती. परत येणाऱ्याचे हाल वेगळे: भाजणी, मेतकूट, कुणाच्या तरी सासूबाईंनी खास केलेलं लोणचं, तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत, तरी वास येणारं.

कंपनी निदान बिल देते. इथे बिल येत नाही, आणि ते बरीच वर्षं येत राहतं. दहा वर्षांपूर्वी आमचा प्रेशर कुकर आणणाऱ्या गृहस्थांच्या मुलाला गेल्या उन्हाळ्यात आम्ही महिनाभर तळघरात ठेवून घेतलं. मुलगा गुणी होता, तक्रार नाही. पण कुकर तीन लिटरचा होता.

हे सगळं आठवायचं कारण आरईआय. अमेरिकेत डोंगरात जाणाऱ्याला हे दुकान माहीत नाही असं होत नाही. सिॲटलच्या लॉइड अँडरसन यांना 1930 च्या दशकात बर्फातल्या चढाईसाठी चांगली आइस ॲक्स हवी होती. गावातल्या दुकानात महाग आणि मनासारखी नाही. त्यांच्या पत्नी मेरी शिक्षिका, जर्मन वाचता येणाऱ्या. त्यांनी ऑस्ट्रियातला कॅटलॉग वाचून काढला आणि टपालखर्च धरून साडेतीन डॉलरांत कुऱ्हाड थेट घरी आली. डोंगरातल्या मित्रांनी ती पाहिली. पुढे काय झालं असेल ते आपल्याला कुणी सांगायला नको: ‘मेरी, माझ्यासाठी पण एक मागव ना!’

मला त्या बाईंबद्दल फार आपुलकी वाटते. नवऱ्याची हौस, कॅटलॉग परक्या भाषेतला, मित्रमंडळी उत्साही, आणि पार्सलं फोडायची घरात. पण मेरीबाईंनी आणि लॉइडनी एक गोष्ट केली जी आमच्यापैकी कुणाला सुचली नाही. 1938 मध्ये 23 जणांची रीतसर सहकारी संस्था काढली. सभासद व्हायचं तर एक डॉलर. हिशेब चोख, नफा सभासदांत. मेरीबाई 107 वर्षं जगल्या, 2017 मध्ये गेल्या. डोक्यावर कुणाच्या कुकरचं ओझं नसलं की माणूस जगतं.

आणि आम्ही कोण? सहकार आमच्या रक्तात. प्रवरेचा कारखाना, दूध संघ, पतपेढ्या, घरोघरी एक तरी माजी संचालक. म्हणून परवा रात्री मी ग्रुपवर रीतसर प्रस्ताव टाकला: येणाऱ्या-जाणाऱ्यांची एक वही ठेवू, किलोला दर ठरवू, आणणाऱ्याला पैसे देऊ, उपकार बंद. वर्गणी एक डॉलर.

पहिला प्रश्न आला, अध्यक्ष कोण. दुसरा, गेल्या वर्षी गणपतीच्या वर्गणीचा हिशेब अजून आलेला नाही, तो आधी. एका काकांनी लिहिलं की ते सोलापूरकडे एका सूतगिरणीवर होते आणि त्यांना पोटनियम तोंडपाठ आहेत. पोटनियमांचा मसुदा ते रविवारी आणताहेत. एका मुलीने विचारलं, दर किलोवर की व्हॉल्यूमेट्रिक? तिला मी ग्रुपमधून काढणार होते, पण ती येत्या महिन्यात पुण्याला चालली आहे.