आपल्याच रक्ताची सुई : घाई नको

पोलीस भरती जवळ आली की अमरावती-अकोल्याच्या दवाखान्यांत लंगडत येणारी तरुण मुले वाढतात. डांबरी रस्त्यावर पहाटे धावून कुणाची टाच धरलेली असते, कुणाची टाचेमागची शीर. फवारणीचा पंप मारून कोपर दुखणारे शेतकरी तर नेहमीचेच. अलीकडे या मंडळींचा एक नवा प्रश्न असतो : "डॉक्टरसायेब, पीआरपीची सुई मारली तर लवकर बरं होईन का?"

पीआरपी म्हणजे काय ते आधी पाहू. रुग्णाच्या दंडातून थोडे रक्त काढून ते यंत्रात गरगर फिरवतात. तांबड्या पेशी तळाशी बसतात. वरच्या पिवळसर द्रवातला प्लेटलेटचा दाट भाग दुखऱ्या जागी टोचतात. डेंग्यूमुळे प्लेटलेट घरोघरी ठाऊक झाल्या आहेत. जखम भरून येण्यास मदत करणारी द्रव्ये त्यांच्यात असतात, हे खरे. म्हणून कल्पना आकर्षक आहे. पण कल्पना चांगली असणे वेगळे आणि गुण येणे वेगळे.

आपण जिला शीर म्हणतो ती कंडरा होय, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा दोर. तिला रक्तपुरवठा कमी, म्हणून ती सावकाश भरते. सचिन तेंडुलकरचे उदाहरण वाचकांना आठवत असेल. २००४ साली टेनिस एल्बोमुळे तो ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या दोन कसोटींना मुकला व नागपूरला परतला. दुखणे गेले नाही. मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली आणि ऑक्टोबरमध्ये नागपुरातच श्रीलंकेविरुद्ध त्याने ९३ धावा काढल्या. उत्तमोत्तम डॉक्टर दिमतीला असूनही त्याला कित्येक महिने लागले.

टेनिस एल्बोवर पीआरपीचा गाजलेला अभ्यास २००६ साली अमेरिकेत झाला. त्यात रुग्ण होते अवघे वीस. पुढे २०१० साली नेदरलँड्समध्ये टाचेच्या कंडरेच्या ५४ रुग्णांपैकी निम्म्यांना पीआरपी व निम्म्यांना नुसते सलाईनचे पाणी टोचले. व्यायाम दोघांनाही दिला. सहा महिन्यांनी दोन्ही गट सारखेच सुधारले होते. कोपराबाबत २०२१ साली ३२ अभ्यासांचा, एकंदर २३३७ रुग्णांचा आढावा निघाला. त्याचाही निष्कर्ष असाच, की खोट्या सुईपेक्षा विशेष फायदा बहुधा नाही.

ही सुई म्हणजे भोंदूगिरी आहे, असे मी म्हणत नाही. पण एका सुईला काही हजार रुपये पडतात आणि पुष्कळदा दोन-तीन सुया सांगितल्या जातात. बापाने उसनवारी करून आणलेल्या पैशांवर 'खात्रीचा इलाज' म्हणून ती विकणे मला मान्य नाही. स्टिरॉइडची स्वस्त सुई हाही पर्याय नव्हे. तिने काही आठवडे आराम पडतो, पण वर्षभरानंतर टेनिस एल्बोचे असे रुग्ण सुई न घेतलेल्यांपेक्षा मागे राहिल्याचे २०१३ च्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात दिसले.

मग करावे काय? दुखणे वाढवणारे काम निम्म्यावर आणा. पूर्ण अंथरूण धरू नका. कोपर दुखत असेल तर हात टेबलावर पालथा टेकवून मनगट काठाबाहेर काढा, अर्धा लिटर पाण्याची बाटली धरा आणि मनगट सावकाश खाली सोडा. टाचेमागची कंडरा दुखत असेल तर पायरीच्या काठावर चवडे टेकून टाच हळूहळू खाली न्या. असे किमान बारा आठवडे करावे लागते. १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ असलेल्या अमरावतीला हे काय सांगावे? जोर-बैठका पहिल्याच दिवशी शंभर काढायच्या नसतात, हे आखाड्यातल्या पोरालाही कळते.

एवढे करूनही गुण आला नाही, तर अस्थिरोगतज्ज्ञांना भेटा. पीआरपी सुचवली तर विचारा : निदान नक्की काय, एकूण खर्च किती आणि सुईनंतर व्यायाम कोणता? टाचेमागे एकाएकी 'फट्' असा आवाज येऊन चवड्यावर उभे राहता येत नसेल, किंवा नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवताच कळ येत असेल, तर मात्र थांबू नका. कंडरा तुटलेली किंवा हाडाला चीर गेलेली असू शकते.

भरतीची तयारी करणाऱ्यांनी १६०० मीटरचा सराव जाहिरात निघाल्यावर नव्हे, चार-सहा महिने आधी मातीच्या मैदानावर सुरू करावा. त्याला पैसे लागत नाहीत.