नाव ठेवा, पण आधी बाळ जपा

धोंडू, दगडू, केरू, उकिरडा. ही नावे आपल्या आज्या-पणज्यांनी हौसेने ठेवलेली नाहीत. पाठोपाठची दोन-तीन लेकरे दगावली की पुढच्याला टाकाऊ नाव द्यायचे, म्हणजे त्याला दृष्ट लागणार नाही, अशी समजूत होती. औषध परवडत नव्हते, दवाखाना जवळ नव्हता. म्हणून आईने नावाचेच औषध केले. दुसरीकडे मनुस्मृतीने दहाव्या किंवा बाराव्या दिवशी नाव ठेवायला सांगताना ब्राह्मणाचे नाव मंगल आणि शूद्राचे नाव तिरस्कार दाखवणारे असावे, असा नियमच घालून दिला. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला तो ग्रंथ जाळण्यात आला.

आज आपल्या घरात सिद्धार्थ, राहुल, सुजाता, यशोधरा जन्माला येतात. नावाची लढाई आपण जिंकली. पण त्या नावाच्या बाळाचे काय?

बावीस प्रतिज्ञांची तसबीर भिंतीवर असते आणि त्याच घरात पाचवीला सटवाई पुजली जाते. आईचा पहिला घट्ट पिवळा चीक पिळून टाकला जातो आणि बाळाला मधाचे बोट चाटवले जाते. नाळेवर हळद किंवा राख, डोळ्यांत काजळ, बंद खोलीत धुरी. बाराव्या दिवशी बारसे. त्रिसरण-पंचशील होते, पण पुढे मंडप, डीजे आणि दोनशे माणसे. बाळ या हातातून त्या हातात फिरते, आत्या कानात कुर्र करते, जो तो मुका घेतो. त्यात कोणाला सर्दी-खोकला आहे, हे कोण विचारतो?

विज्ञान काय सांगते? चीक ही बाळाची पहिली लसच आहे. जन्मल्यापासून तासाभरात ते अंगावर प्यायला हवे आणि सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबही नको. मधातून लहान बाळाला जीवघेणी विषबाधा होऊ शकते, म्हणून वर्षभर तो वर्ज्य. काही काजळांत शिसे असते. नाळ कोरडी ठेवायची, तिला काहीही लावायचे नाही. बाराव्या दिवशी काही बाळांची नाळ नुकतीच पडलेली असते, जागा ओली असते. डांग्या खोकल्याची पहिली लस मिळते ती दीड महिन्याला. म्हणजे ज्या दिवसांत बाळ सर्वांत उघडे असते, त्याच दिवसांत आपण त्याला गर्दीत नेतो.

हे आकडेही पाहा. २०२० साली देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी २० बाळे महिन्याच्या आत गेली. अशा मृत्यूंपैकी बहुतेक पहिल्या आठवड्यातले असतात. पण हे थांबवता येते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत खेड्यातल्याच बायकांना प्रशिक्षण दिले. त्यांनी घरोघर जाऊन बाळे तपासली आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण इतर गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी घटले. हा अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे नवस कामी आला नाही, शिकलेली बाई कामी आली.

बाबासाहेब आणि रमाई यांनी गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे गमावली. ते दुःख सोसलेल्या बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. आईला विश्रांती आणि बाळाला आई मिळावी, हा त्यामागचा विचार होता. त्यांचे अनुयायी म्हणवणाऱ्यांनी बारशासाठी कर्ज काढावे आणि बाळंतिणीच्या पोटाला चार घास कमी पडावेत, हे शोभते काय?

नामकरण करू नका, असे आमचे म्हणणे नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करा. नाव नंतरही घालता येते, वर्षभर त्याला शुल्क नाही. घरच्या चार माणसांत वंदना घ्या, नाव ठेवा. आप्तांना बोलवायचेच असेल तर दीड महिन्याची लस झाल्यावर बोलवा. आशाताई घरी येते, तिला दारातून परत पाठवू नका. बाळ दूध ओढत नसेल, अंग गार पडले किंवा तापले असेल, श्वास भरभर चालत असेल तर अंगारा नको, थेट दवाखाना गाठा.

उपासिकांनो, हा बदल घडवणे तुमच्या हातात आहे. सासूबाई मधाचे बोट पुढे करतील तेव्हा नम्रपणे पण ठामपणे ‘नको’ म्हणा. पाळण्यावर सुंदर नाव लिहिले जाईलच. ते नाव शाळेच्या हजेरीपटावर पोहोचले पाहिजे.