तिकीट फक्त जाण्याचे



दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या राजवटीने सुमारे ६० लाख ज्यू मारले. त्यांतील लाखो माणसे मृत्यूच्या छावण्यांपर्यंत रेल्वेने गेली. कोंबली मालडब्यांत, पण जर्मन रेल्वेने भाडे लावले तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाचे! मुलांना अर्धे तिकीट, चार वर्षांखालील मोफत. कैद्यांचे तिकीट फक्त जाण्याचे, पहारेकऱ्यांचे परतीचे. कुणी वेळापत्रक आखले, कुणी सांधे बदलले, कुणी सिग्नल दिला. प्रत्येकाने आपली ड्यूटी चोख बजावली.

कामगारांपुढे दुसरा मार्गही होता. २५ फेब्रुवारी १९४१ रोजी ॲमस्टरडॅममध्ये ज्यूंच्या धरपकडीविरुद्ध ट्राम व नगरपालिका कामगारांनी संप पुकारला. शहर थांबले. मागणी पगाराची नव्हती, शेजाऱ्याच्या जिवाची होती. जर्मनांनी गोळीबार करून तो संप चिरडला.

पुढे नेदरलँड्समधून एक लाखाहून अधिक ज्यू नेले गेले. परतले सुमारे पाच हजार. तेथील रेल्वे कामगार १७ सप्टेंबर १९४४ रोजी संपावर गेले. वेस्टरबोर्क छावणीतून शेवटची गाडी चार दिवस आधीच सुटली होती. रेल्वे कंपनीने माफी मागितली ती २००५ साली.

द्वेष भाषणातून पसरतो, पण तो अमलात आणायला कामगारांचेच हात लागतात. म्हणून रनिंग रूममध्ये असो वा सॉर्टिंगच्या टेबलावर, जात, धर्म वा भाषेवरून सहकाऱ्याला वेगळे काढण्याची पहिली कुजबुज होते, तेव्हाच युनियनने उभे राहिले पाहिजे. गाडी सुटल्यावर लाल झेंडी दाखवून उपयोग नसतो.