झडप सरकारची, गोळी रुग्णाची!

हृदयाची झडप फुकट बदलून द्यायची, त्या उपकाराचे फलक चौकाचौकांत लावायचे आणि ती झडप चालू ठेवणाऱ्या गोळीचे पैसे मात्र रुग्णाच्या फाटक्या खिशातून काढायला लावायचे, याला आम्ही आरोग्य योजना म्हणत नाही. हा विश्वासघात आहे.

धातूची झडप बसली की रक्त पातळ करणारी गोळी जन्माची मागे लागते. आयुष्मान भारतच्या पॅकेजात घरी सोडल्यानंतरची औषधे किती दिवसांची? पंधरा! राज्याच्या योजनेत काही आजारांना पाठपुराव्याची जोड आहे, पण तीही मुदतीची. पॅकेजची मुदत संपते, गोळीची संपत नाही.

हे रुग्ण कोण आहेत, हे सरकारला ठाऊक नाही काय? लहानपणी घसा धरला, सांधे सुजून ताप आला, दाटीवाटीच्या घरात वेळेवर पेनिसिलीन मिळाले नाही आणि ऐन तिशीत झडप निकामी झाली, अशी ही गरिबाघरची माणसे. त्यांत तरुण बायका मोठ्या संख्येने. दिवस राहिले तर हीच गोळी पोटातल्या बाळाला अपाय करू शकते, म्हणजे त्यांना डॉक्टर जवळ हवा. तोच त्यांच्यापासून सर्वांत लांब!

वॉरफेरिन किंवा ॲसिनोकुमारॉलची गोळी तशी महाग नाही. कंबर मोडते ती रक्त गोठायला किती वेळ लागतो हे आकड्यात सांगणाऱ्या पीटी-आयएनआरच्या तपासणीने. मायट्रल झडप बदललेल्या रुग्णाचा हा आकडा साधारण २.५ ते ३.५ मध्ये राहावा लागतो. खाली घसरला तर झडपेवर गुठळी धरते, वर गेला तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. ताटातली मेथी-पालकाची भाजी एकदम वाढली, दुसरे एखादे औषध सुरू झाले, तरी तो हलतो. म्हणून आकडा स्थिरावल्यावरही साधारण महिन्याला तपासणी हवी. खासगी प्रयोगशाळेचे पैसे, एस.टी.चे तिकीट, बुडालेली मजुरी. दर महिन्याला! मग तपासणी चुकते, पाठोपाठ गोळीही चुकते आणि बाई अडकलेली झडप घेऊन धापा टाकत त्याच रुग्णालयात परत येते. वाचलीच, तर दुसऱ्या शस्त्रक्रियेचे पैसे सरकारच भरते. माणुसकी नसेल तर नसो, निदान हिशेब तरी जमायला हवा होता!

तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या आहेत की, असे कोणी आम्हाला ऐकवू नये. त्यांतल्या अपिक्साबानचे भारतातील पेटंट २०२२ मध्ये संपले, अनेक कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि अनियमित ठोक्यांच्या रुग्णांना त्याचा खरा आधार झाला. पण धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत. त्यांतल्याच डॅबिगाट्रानची अशा रुग्णांवरील चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याने थांबवावी लागली, तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. गरिबाच्या झडपेला जुनी गोळी आणि तपासणी, एवढाच मार्ग आहे.

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या चमूने स्वदेशी झडप घडवली, १९९० मध्ये ती पहिल्या रुग्णाला बसली. परदेशी झडपेची किंमत गरिबाला झेपत नाही म्हणून या देशाच्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे घाम गाळला, आणि राज्यकर्त्यांना बोटातल्या रक्ताच्या थेंबावर आयएनआर सांगणारे छोटे यंत्र ग्रामीण रुग्णालयापर्यंत पोचवता येत नाही? हे आम्ही मानणार नाही. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ते यंत्र, त्याच्या पट्ट्यांचा अखंड पुरवठा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रावर आजन्म मोफत गोळी, यासाठी अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद झालीच पाहिजे.

आणि तोवर आरोग्यमंत्र्यांनी येत्या अधिवेशनात एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. योजनेतून किती झडपा बसवल्या, हे त्यांच्या दप्तरी आहे. ज्यांना त्या बसवल्या, त्यांतले पाच वर्षांनंतर जिवंत किती?